ओपन हाउसला कोण जाणार?

शाळा कॉन्व्हेंट, घर मराठी आणि आईबाबा लोकलमध्ये! ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या घराघरांत दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न हमखास पडतो. त्याचं उत्तर शोधताना मला माझ्याच आईची एक जुनी गोष्ट नव्याने कळली.

शुक्रवारची रात्र. साडेदहा वाजता दादाचा फोन. 'उद्या सकाळी काय करतेयस?' फ्रीलान्सरला हा प्रश्न कुणी विचारला की समजायचं, बॉस, आपली विकेट पडली! कारण घरच्यांच्या मते फ्रीलान्सर म्हणजे घरात बसून लॅपटॉपशी खेळणारी आणि सोमवार ते रविवार फुकट उपलब्ध असलेली व्यक्ती. 'चिऊचं ओपन हाउस आहे गं. नऊ ते साडेअकरा. मला ऐरोलीला जायचंय, क्लायंटचा कॉल आहे. हिची बीकेसीत मीटिंग. तू जाशील?'

चिऊ म्हणजे माझी भाची. वय वर्षं सात, इयत्ता दुसरी, कल्याणची एक कॅथलिक शाळा. घरी अखंड बडबड आणि शाळेत? तेच तर बघायचं होतं.

'आईला घेऊन जा सोबत,' दादा म्हणाला. 'रोज तीच सोडते, तीच आणते. तिला सगळं माहीत असतं.'

शनिवारी सकाळी मी, आई आणि चिऊ शाळेच्या गेटपाशी पोहोचलो. चिऊ पळत आत गेली. मी दोन पावलं पुढे गेले आणि मागे वळून बघते, तर आई गेटबाहेरच. पदर सावरत, पिशवी छातीशी धरून उभी.

'चल ना.'

'तू जाऊन ये. मी इथेच थांबते सावलीला.'

जुलै महिना होता. आभाळ भरून आलेलं. सावलीचा काही संबंधच नव्हता!

साठ सह्या, शून्य शब्द

मला कारण माहीत होतं. साल २००४. मी पहिलीत. आमची शाळाही कॉन्व्हेंटच होती. नाव नाही सांगत, कारण गोष्ट शाळेची नाही, त्या वेळच्या सगळ्याच शाळांची आहे. वर्गात आम्ही साठ मुलं. आई कणकवलीजवळच्या गावात मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, घरी फॉल-बिडिंग करून माझी फी भरणारी. बाबा फोर्टला क्लार्क. ते सकाळी निघत तेव्हा मी झोपलेली आणि येत तेव्हाही मी झोपलेलीच.

ओपन हाउसला आई नवी साडी नेसून आली होती. टीचरच्या टेबलाशी सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी इंग्लिशमध्ये भराभर काहीतरी सांगितलं. आई हसली, मान हलवली. मग सिस्टरनी काहीतरी विचारलं. आईने पुन्हा मान हलवली. प्रश्नाला 'हो' म्हणायचं होतं की 'नाही', हे तिला आजही माहीत नाही. मागे रांगेत उभ्या दोन आया एकमेकींकडे बघून हसल्या. तेवढंच. पण त्यानंतर दहावीपर्यंत आईने माझ्या कॅलेंडरवर सह्या केल्या (कॉन्व्हेंटवाल्यांना कळेल, कॅलेंडर म्हणजे ती शाळेची डायरी, ज्यात लाल पेनाचे रिमार्क येतात), पण टीचरच्या टेबलाशी ती पुन्हा कधी बसली नाही. दर वेळी तिचं ठरलेलं वाक्य : 'बाबांना सुट्टी असेल तेव्हा जातील.' आणि बाबांना सुट्टी नसायची.

आपल्यापैकी किती जणांच्या घरी ही गोष्ट आहे, जरा आठवून बघा. आईबाबा मराठी मीडियम, आपण कॉन्व्हेंट. त्यांनी आपल्याला शाळेच्या गेटपर्यंत सोडलं आणि तिथूनच मागे फिरले. आत काय चालतं हे त्यांना प्रगतिपुस्तकावरच्या आकड्यांवरून कळायचं. मूल एकदा शाळेच्या ताब्यात दिलं की आपलं काम फक्त फी आणि डबा, असा सरळ हिशेब!

चर्च काय म्हणतं?

गंमत म्हणजे खुद्द कॅथलिक चर्चला हा हिशेब मान्य नाही. या लेखासाठी वाचायला घेतलं तेव्हा मीही चाट पडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी एक जाहीरनामा मंजूर केला. त्यातला मुख्य फंडा असा, की मुलाचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हणजे त्याचे आईवडील. शाळा नंतर. १९८३ साली चर्चचा नवा कायदा आला. त्यातलं ७९६ क्रमांकाचं कलम आणखी पुढे जातं. शिक्षकांनी पालकांशी अगदी जवळून सहकार्य करावं, त्यांचं म्हणणं आनंदाने ऐकून घ्यावं, पालकांच्या सभा-संघटना उभ्या कराव्यात आणि त्यांना मान द्यावा, असं त्यात आहे. म्हणजे ओपन हाउस ही शाळेने आपल्यावर केलेली मेहेरबानी नाही, ते त्यांच्याच घरचं व्रत आहे!

आणि आपल्या भागात हे घर काही आजचं नाही. ठाण्यात फ्रान्सिस्कन धर्मगुरू आल्याची नोंद १३२१ सालची आहे. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि त्याच्या आवारातली शाळा ठाणेकरांना वेगळी सांगायला नको. तलावपाळीला आइस्क्रीम खाताना रविवारची घंटा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. केरळहून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी तर १९८८ साली कल्याणच्या नावाने स्वतंत्र धर्मप्रांतच झाला. त्यामुळे इथल्या कॅथलिक शाळांच्या स्टाफरूममध्ये ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगलोरी, मल्याळी असे सगळे डबे एकत्र उघडतात. आणि वर्गात? चिऊच्या वर्गाची हजेरी ऐका : पाटील, डिसोझा, शेख, नायर, म्हात्रे, यादव. डोंबिवली फास्टचा सेकंड क्लासचा डबाच जणू!

मग धर्माचं काय, असं सासूबाई किंवा मावशी विचारतातच. घटनेच्या २८व्या कलमात त्याचं उत्तर आहे. मान्यता किंवा सरकारी अनुदान असलेल्या संस्थेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणूनच कॅथलिक मुलं कॅटेकिझमला जातात तेव्हा आपण मॉरल सायन्सच्या तासाला बसायचो. आठवलं?

चर्चची भाषा इंग्लिशच, हाही आपलाच समज. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापलं ते मराठीत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. चारशे वर्षांपूर्वी ज्यांना आपल्या भाषेत बोलावंसं वाटलं, त्यांच्याच शाळेच्या टेबलाशी माझी आई गप्प का बसली, हा प्रश्न मला मोठेपणी पडला.

'ती बोलतच नाही!'

असो. आई गेटवर आणि मी आत. चिऊच्या टीचर तिशीच्या असतील, म्हणजे जवळपास माझ्याच बॅचच्या. समोर वह्यांचा गठ्ठा. मी 'गुड मॉर्निंग मिस' म्हणाले आणि स्वतःलाच ऐकून हसू आलं. वय अठ्ठावीस, सूर मात्र तोच, साठ जणांच्या कोरसचा!

वह्या उत्तम. अक्षर सुंदर. होमवर्क पूर्ण. मी मनातल्या मनात दादाला मेसेजही टाइप करून टाकला : ऑल ओके. तेवढ्यात टीचर म्हणाल्या, 'पण ती वर्गात बोलतच नाही. उत्तर येत असतं, हात वर करत नाही. सुट्टीत एकटीच बसते. घरी अशीच आहे का?'

घरी? घरी तिला गप्प करायला चॉकलेट द्यावं लागतं!

मास कॉमला असताना 'एंगेजमेंट' हा शब्द आम्ही वाचक-प्रेक्षकांबद्दल शिकलो. शिक्षणातही तो आहे आणि तिथे तो जास्त नेमका आहे. जेनिफर फ्रेडरिक्स, फिलिस ब्लूमेनफेल्ड आणि अॅलिसन पॅरिस या तिघींनी २००४ साली त्याची तीन भागांत मांडणी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर हात, मन आणि डोकं. हात म्हणजे वर्गात येणं, नियम पाळणं, वही पूर्ण करणं. मन म्हणजे ही शाळा माझी, इथे मी कुणालातरी हवी आहे, असं वाटणं. डोकं म्हणजे विचार करण्याची, अवघड गोष्टीशी झटापट करण्याची तयारी. कॉन्व्हेंटची ख्याती कशासाठी? शिस्तीसाठी. म्हणजे हाताचं काम फर्स्ट क्लास. चिऊचे हात शाळेत होते, मन मात्र गेटबाहेर, आजीच्या पिशवीपाशी.

आणि हे वहीत दिसत नाही, मंडळी! दादा-वहिनी रोज रात्री वही चेक करतात. सगळं टिक. मग प्रॉब्लेम दिसणार कसा?

नऊचा भोंगा आणि सातची फास्ट

दादा-वहिनीला दोष देणं सोपं आहे. पण त्यांचं टाइमटेबल बघा. वहिनी सातच्या सुमाराची फास्ट पकडून कुर्ल्याला उतरते, तिथून शेअर रिक्षा करून बीकेसी. दादा ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. दोघं परत येतात तेव्हा चिऊचे डोळे मिटायला आलेले. दिवसातले हातात काय, तर चाळीस मिनिटं. त्यात जेवण, वही आणि 'उद्या काय डबा हवा?'

त्यात फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने निर्णय घेतला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगलाच, की मुलांची झोप नीट व्हावी. तो २०२४-२५पासून लागू झाला. पण कल्याण-डोंबिवलीत नऊ वाजता कुठले आईबाबा घरी असतात? सातच्या शाळेत मुलाला सोडून तशीच गाडी पकडणाऱ्या आयांचं गणितच कोलमडलं. मग शाळेच्या गेटवर कोण दिसतं? आजी, आजोबा, रिक्षावाले काका, पाळणाघरातल्या मावशी. कागदावर पालक म्हणजे आईबाबा. गेटवरचे पालक वेगळेच!

आणि आपण आईबाबा मंडळी असतो कुठे? व्हॉट्सअॅप ग्रुपवर! रात्री अकरा वाजता : 'उद्या यलो कलर डे आहे का?' सव्वाअकरा : 'प्लीज कुणीतरी पान नंबर ४२चा फोटो टाका.' साडेअकरा : 'चार्ट पेपर कुठे मिळेल?' प्रोजेक्ट तर स्टेशनरीवाला रेडीमेड देतो. आई कापते, बाबा चिकटवतो, मूल झोपलेलं असतं. सगळ्यात जास्त 'एंगेज्ड' स्टुडंट म्हणजे आपणच!

याला पार्टनरशिप म्हणायचं का? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉईस एपस्टाइन यांनी घर आणि शाळा यांच्या भागीदारीचे सहा प्रकार सांगितले आहेत : मुलाला घरी नीट वाढवणं, शाळेशी दोन्ही बाजूंनी संवाद, शाळेत जाऊन मदत करणं, घरी शिकण्याला साथ, निर्णयात सहभाग आणि आजूबाजूच्या समाजाला जोडून घेणं. आता प्रामाणिकपणे मोजा. आपला ग्रुप कितीव्या नंबरात बसतो? फार तर दुसऱ्याच्या निम्म्यात. आणि तोही संवाद पालक-पालकांमधला. टीचर त्यात नसतातच.

निर्णयातल्या सहभागाचं तर विचारूच नका. शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, ती अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. कारण सुप्रीम कोर्टाने ६ मे २०१४च्या प्रमती निकालात या शाळांना तो कायदाच लागू होत नाही असं ठरवलं. सप्टेंबर २०२५मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यास सांगितलं. कोर्टाचं कोर्ट बघेल. आपल्या हातात आहे तो पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्राच्या २०११च्या फी नियमन कायद्याप्रमाणे शाळेतला प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीत इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवड होते. ना ओळख लागते, ना फाडफाड इंग्लिश! तरीही 'कोण इच्छुक आहे?' असं विचारलं की सगळ्या माना मोबाइलमध्ये जातात. खोटं बोलतेय का मी?

टीचरचा एक प्रश्न

परत ओपन हाउसकडे. टीचरनी विचारलं, 'घरी तिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं?'

'तिची आजी.'

'त्या नाही आल्या?'

'आल्यात. गेटवर उभ्या आहेत.'

टीचरनी पेन खाली ठेवलं. रांगेतल्या पुढच्या पालकांना 'दोन मिनिटं हं' म्हणाल्या आणि उठून सरळ गेटपर्यंत चालत गेल्या. मी मागे. आईने टीचरना येताना पाहिलं आणि तिचा चेहरा पुन्हा २००४चा झाला. पण टीचर मराठीत बोलल्या. शब्द अडखळत होते, वाक्यं अर्धी हिंदीतून उधार घेतलेली, पण मराठीतच : 'आजी, सव्वीस तारखेला ग्रँडपेरेंट्स डे आहे. तुम्ही वर्गात येऊन मुलांना एक गोष्ट सांगाल? मराठीत सांगा. चिऊला आवडेल.'

आई म्हणाली, 'मला कुठलं येतंय बाई.'

ग्रँडपेरेंट्स डेची तारीखही अशीच नाही पडत. २६ जुलै हा संत अॅन आणि संत जोकिम यांचा सण. परंपरेप्रमाणे ते येशूचे आजी-आजोबा. म्हणून अनेक कॅथलिक शाळा याच सुमारास आजी-आजोबांना बोलावतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१पासून जुलैचा चौथा रविवार जगभर आजी-आजोबा आणि ज्येष्ठांचा दिवस म्हणून सुरू केला, तोही याच सणाच्या आधाराने.

पण आपल्याला २६ जुलै म्हटलं की दुसरंच काहीतरी आठवतं. आणि २०२५च्या २६ जुलैला त्याला बरोब्बर वीस वर्षं होत होती.

आजीची सव्वीस जुलै

आई गेली. आठवडाभर 'नाही, नाही' म्हणत गेली. इस्त्रीची साडी, तीच पिशवी. मला सोबत नेलं, धीर द्यायला. वर्गात सात-आठ आजी-आजोबा. एका नायर आजोबांनी नारळाच्या झाडावर चढण्याची गोष्ट सांगितली, एका आजीने प्रार्थना म्हटली. मग आईची पाळी. ती उभी राहिली आणि मला वाटलं आता ससा-कासव सुरू होणार. तिने सुरू केलं ते भलतंच.

'आज सव्वीस जुलै. वीस वर्षांपूर्वी याच दिवशी मी माझ्या मुलीला शाळेतून आणायला गेले होते.'

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. लोकल बंद, फोन बंद, उल्हास नदीला पूर. माझी दुपारची शाळा. रिक्षावाले काका आलेच नाहीत. आम्ही दहा-बारा मुलं वर्गात अडकलो होतो. बाबा फोर्टला होते. पुढे ते रुळांवरून चालत, मध्येच कुणाच्या तरी घरी रात्र काढून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले. आई एकटीच निघाली. पाण्यातून, भिंतीला धरत. शाळेत पोहोचायला रात्रीचे आठ वाजले.

इथवर मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

'दारात सिस्टर उभ्या होत्या. हातात कंदील. मला त्यांची फार भीती वाटायची. वाटलं, आता उशीर झाला म्हणून ओरडणार, तेही इंग्लिशमध्ये. तर त्या म्हणाल्या, अगोबाई, किती भिजलात! आधी चहा घ्या.'

वर्गात हसू फुटलं. आई थांबली नाही. 'मराठीत! अगदी आपल्यासारखं. त्या वसईच्या होत्या. सगळ्या मुलांना त्यांनी खिचडी करून घातली होती. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती.'

मी मागच्या बाकावर बसले होते. वीस वर्षं मला एवढंच आठवत होतं, की खिचडी पातळ होती.

मग आई सांगायला लागली, की परतताना पाणी कसं गुडघाभर होतं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज आला. 'आजी, गुडघाभर नाही! घरी तू कमरेएवढं म्हणाली होतीस!'

अख्खा वर्ग हसला. आईही हसली. टीचरनी माझ्याकडे बघितलं. चिऊ उभी होती, हात वर, डोळे चमकत. मग शेजारच्या मुलाने विचारलं, 'साप होते का पाण्यात?' आणि चिऊनेच उत्तर दिलं. पुढची दहा मिनिटं तिला गप्प करायला खरंच चॉकलेट लागलं असतं!

घरी येताना रिक्षात मी आईला विचारलं, 'सिस्टरना मराठी येत होतं, तर मग ओपन हाउसला का नाही बोलल्या?'

आई बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, 'त्यांना वाटलं असेल, कॉन्व्हेंटमध्ये घातलंय म्हणजे पालकांना इंग्लिशच हवं असेल. आणि मला वाटलं, त्यांना मराठी चालत नसेल. विचारलं कुणीच नाही.'

मग करायचं काय?

'विचारलं कुणीच नाही.' मास कॉमच्या दोन वर्षांत शिकवलं नाही ते आईने रिक्षात शिकवलं. आपण समजतो, की शाळा आणि घर यांच्यामध्ये इंग्लिशची भिंत आहे, वेळेची भिंत आहे. आहेतच. पण त्याआधी एक टेबल असतं. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं, समोरच्याला काय हवं असेल याचा अंदाज बांधून गप्प बसलेली असतात.

अभ्यास घेतला म्हणजेच सहभाग, हा समजही तपासून बघा. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली पन्नास अभ्यास एकत्र करून पाहिले. ते जरा मोठ्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या मुलांचे होते. त्यात होमवर्क घेण्याचा फायदा सरसकट दिसला नाही. सगळ्यात जास्त फायदा दिसला तो मुलांशी शिक्षणाबद्दल बोलण्याचा. शिकायचं कशासाठी, आपल्याकडून अपेक्षा काय, पुढे काय करायचंय, या गप्पांचा. आणि गप्पांना इंग्लिश लागत नाही. चाळीस मिनिटंही पुरतात.

एवढं तरी कराच!

• 'होमवर्क झाला का?' याऐवजी 'आज सुट्टीत कुणाशी बोललास?' विचारा. वही हाताचं सांगते, हा प्रश्न मनाचं.

• ओपन हाउसला जाताना एक प्रश्न लिहून न्या आणि तो मार्कांबद्दल नको. 'ती वर्गात हात वर करते का?' एवढा पुरे.

• मराठीत बोलायचं असेल तर सरळ विचारा : 'मराठीत बोललं तर चालेल ना?' बहुतेक वेळा समोरून सुटकेचा नि:श्वास ऐकू येतो.

• शाळेत रोज जाणाऱ्या आजी, आजोबा, मावशी यांनाही टीचरशी ओळख करून द्या. कॅलेंडरच्या पहिल्या पानावर त्यांचंही नाव आणि फोन नंबर लिहा.

• पीटीएसाठी 'कोण इच्छुक?' विचारलं की एकदा तरी हात वर करा. मुलांकडून हीच अपेक्षा ठेवतो ना आपण?

• प्रोजेक्ट वाकडा झाला तरी मुलालाच करू दे. स्टेशनरीवाल्याला काय, दुसरी गिऱ्हाइकं मिळतील!

चिऊ एका दिवसात बदलली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. अजूनही ती कधीकधी एकटी बसते. पण सापांबद्दल विचारणारा तो मुलगा आता तिच्या डब्यातली आंबोळी खातो आणि तिच्याकडून पुराच्या गोष्टी ऐकतो. प्रत्येक वेळी पाणी थोडं वाढलेलं असतं. सध्या ते गळ्यापर्यंत आलंय!

पुढच्या ओपन हाउसच्या आदल्या रात्री मी दादाच्या फोनची वाट बघत होते. साडेदहा झाले, अकरा झाले. शेवटी मीच केला. 'उद्या कोण जाणार?'

'आम्ही तिघंही. हिने हाफ डे टाकलाय, मी दुपारी घरून लॉग इन करतोय.'

'आणि आई?'

'ती काय, सगळ्यात आधी तयार! टीचरना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत तिने. तू झोप.'

फ्रीलान्सरची असाइनमेंट कुणी काढून घेतली की जीव जळतो. पण या वेळी, खरं सांगते, मी मस्त झोपले.